‘द काइट रनर’ म्हणे लहान मुलांचा सिनेमा!

‘चवथीच्या सुट्टीत मुलांना एकत्र बसवून दाखवा: द काइट रनर. दोन जिवलग मित्रांची सत्यकथा. शेवटी मित्र मित्राला माफ करतो, दोघे मिठी मारून रडतात. जीव धोक्यात घालून काबूलमध्येच चित्रीकरण. तालिबानची बंदी!’

हा फॉरवर्ड म्हापशाच्या ताईपर्यंत पोचला आणि तिने पेडण्याच्या घरी जमणाऱ्या पोरांसाठी बेतही आखला. सगळ्यांत धाकटं दुसरीत आहे.

लिहिणाऱ्याने सिनेमा बघितलेलाच नाही, फार तर पोस्टरवरचा पतंग बघितलाय. यात लहानग्या हसनवर गल्लीत बलात्कार होतो आणि त्याचा जिवलग आमीर आडोशाला उभा राहून बघतो, पुढे होत नाही. प्रसंग सूचक आहे, पण आहे. अमेरिकेत सिनेमाला पीजी-१३, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र मिळालं, त्याच्या कारणांत बालकावरचा लैंगिक अत्याचार स्पष्ट नोंदलाय. याच प्रसंगावरून बालकलाकारांच्या जिवाला धोका होईल म्हणून २००७ मध्ये प्रदर्शन सहा आठवडे पुढे ढकललं आणि त्या मुलांना आधी काबूलमधून संयुक्त अरब अमिरातीत हलवलं. ज्या दृश्यापायी पोरांना देश सोडावा लागला, ते आपण नेवऱ्या खात घरच्या पोरांना दाखवायचं?

आणि मिठी कसली? आमीर घड्याळ हसनच्या अंथरुणात लपवून चोरीचा आळ घालतो. हसन सगळं ओळखून ‘हो, मीच घेतलं’ म्हणतो आणि बापाबरोबर घर सोडतो. पुन्हा भेट नाही. आमीर कित्येक वर्षांनी काबूलला जातो तेव्हा हसनला मारून टाकलेलं असतं. सोडवून आणतो तो त्याच्या मुलाला.

सत्यकथाही नव्हे, खालिद हुसैनींची २००३ ची कादंबरी. आता लेखकाचा जन्म काबूलचा, १९८० मध्ये कुटुंबाने अमेरिकेत आश्रय घेतला, तेव्हा पतंगांचं बालपण त्यांचं म्हणा हवं तर. पण मित्राचा घात त्यांच्या माथी कशाला?

चित्रीकरण मुख्यतः चीनमधल्या काशगरचं. बंदी २००८ मधल्या अफगाण सरकारची, वांशिक तेढ भडकेल म्हणून. तालिबान तेव्हा सत्तेत नव्हतंच. त्यांनी आधी बंदी घातली होती ती पतंग उडवण्यावर.

सिनेमा चांगलाच आहे, कॉलेजातल्या पोरांनी जरूर बघावा. पाठवायचाच तर वरचा मजकूर काढून नुसतं नाव पाठवा.