फक्त जोडा आणि चालवा

डिजिटल साइनेजच्या, म्हणजे दुकानातल्या टीव्हीवर जाहिरातीची चित्रे चालवणाऱ्या, मीडिया प्लेयरच्या खोक्यावर 'फक्त जोडा आणि चालवा' असे छापणाऱ्या माणसाला कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, ऐन गर्दीच्या वेळी, शिडीवर उभे करावे, अशी माझी नम्र सूचना आहे. तळहाताएवढ्या त्या काळ्या डबीत अवघड असे काही नसते. अवघड असतात ती तिच्या पाठीमागची भोके. अंबाबाईचे दर्शन घेऊन बाहेर पडणारे पर्यटक टीव्हीवरच्या हलत्या चित्राला भुलून आपल्या चपलांच्या दुकानात येतील, असा माझ्या धाकट्या मेहुण्याचा ठाम विश्वास होता आणि दाजींना कॉम्प्युटरमधले कळते, असा त्याहूनही ठाम. दुसऱ्या विश्वासाला आधार एवढाच, की मी नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढत असे.

सुरुवात भिंतीपासून झाली. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधले अंतर व्हेसा नावाच्या प्रमाणानुसार ठरलेले असते. आमचे २०० बाय २०० मिलिमीटर होते आणि ब्रॅकेटचेही तेवढेच भरले, तेव्हा "झालंच की दाजी, अर्ध्या तासाचं काम हाय," असे म्हणून मेहुण्याने चहा सांगितला. परंतु ते ब्रॅकेट टीव्हीला भिंतीशी इतके बिलगवणारे होते आणि प्लेयरचे चित्र टीव्हीत नेणाऱ्या एचडीएमआय केबलचे तोंड असे थेट मागे उघडत होते, की केबल लावली तर टीव्ही बसेना आणि टीव्ही बसवला तर केबल जाईना. काटकोनात वळलेला कनेक्टर आणला, तो नेमका शेजारच्या यूएसबीच्या तोंडावर आडवा झाला. शेवटी कोल्हापूरकर अशा वेळी जिथे जातो तिथे, म्हणजे उद्यमनगरात, आम्ही गेलो. इंजिनांचे सुटे भाग घडवण्यात हयात गेलेल्या लेथवाल्या मिस्त्रींनी टीव्ही आणि ब्रॅकेट यांच्यात अंतर ठेवणाऱ्या आमच्या चार स्पेसरचे चित्र बराच वेळ न्याहाळले आणि अत्यंत गांभीर्याने विचारले, "टॉलरन्स किती ठेवायचा?" म्हणजे मापात किती फरक चालेल. टीव्ही पडू नये एवढा, असे मी सांगितले. त्यांना ते उत्तर आवडले नाही. मात्र स्पेसर असे झाले, की त्यावर टीव्हीऐवजी डिझेल इंजिन टांगले असते तरी चालले असते.

टीव्ही उभाच लावायचा, हा मेहुण्याचा आग्रह होता. त्याप्रमाणे तो उभा लागला, पण प्लेयरला त्याचा पत्ता नव्हता, त्यामुळे पडद्यावरचे कापशी पायताण कुशीवर झोपले आणि गिऱ्हाइके माना वाकड्या करून ते पाहू लागली. सेटिंगमध्ये चित्र ९० अंशांनी फिरवले, तेव्हा ते उलटे झाले; २७० अंशांवर एकदाचे सरळ झाले. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती देणारा भाचीने केलेला व्हिडिओ मात्र आडव्या मापाचा होता. तो उभ्या पडद्यात कोंबल्यावर चप्पल इतकी निमुळती दिसू लागली, की एका गृहस्थांनी ती बाळाची आहे का, अशी चौकशी केली.

यूएसबीची कथा काटकसरीची आहे. "टीव्हीलाच यूएसबी हाय की, वेगळं चार्जर कशाला?" असे म्हणून मेहुण्याने प्लेयरची वीज टीव्हीतूनच घेतली. यूएसबी २.० चे भोक नियमाने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देते आणि आमच्या डबीला २ अँपिअर हवे होते. म्हणून ती कंपनीचे बोधचिन्ह दाखवी, दम टाकी आणि पुन्हा बोधचिन्ह दाखवी. त्या दिवशी लाइनीत आमच्या दुकानापेक्षा त्या कंपनीचीच जाहिरात जास्त झाली.

एचडीएमआयबद्दल माझे मत आजही वाईट आहे. कॉम्प्युटरच्या पडद्याला लागणाऱ्या जुन्या व्हीजीएच्या प्लगला १५ पिना होत्या, पण दोन्ही बाजूंना आवळायला स्क्रूही होते. एचडीएमआयला पिना १९, आणि धरून ठेवायला निव्वळ घर्षण! शेजाऱ्याने शटर आपटले, की आमची चप्पल अंतर्धान पावे. याहून गहन प्रकार वीज जाऊन आल्यावर घडे. टीव्ही हजर आहे हे प्लेयरला एकोणिसाव्या पिनेवरून समजते आणि मग तो टीव्हीकडून ईडीआयडी नावाची माहिती मागून घेतो: आपला पडदा केवढा, आपल्याला काय झेपते. वीज आली की डबी ताबडतोब जागी होई आणि टीव्ही मात्र रिमोटची वाट पाहत पडून राही. समोरून उत्तर नाही म्हटल्यावर डबी समजूतदारपणे गप्प बसे; नंतर टीव्ही सुरू केला, की तो 'सिग्नल नाही' असे जाहीर करी. मुलीकडचे आणि मुलाकडचे, दोघेही निरोपाची वाट पाहत आपापल्या घरी बसून राहावेत, तसे हे चाले. उपाय साधे निघाले. टीव्हीला 'वीज आल्यावर पूर्वीच्याच स्थितीत सुरू हो' असे सांगता येते आणि प्लेयरला टीव्हीला न विचारता ठरलेल्या १०८० रेषांचेच चित्र पाठवायला लावता येते. मात्र ही दोन वाक्ये सापडेपर्यंत मी त्या शिडीवर इतका वेळ काढला, की काही गिऱ्हाइके मला थेट वरच्या फळीवरचा आठ नंबर काढायला सांगू लागली.

आता सगळे आपोआप चालू होते, आणि तीच पंचाईत झाली आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही करामत दाखवण्यासाठी मेहुणा दिवसातून कितीदा तरी मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करतो. अशी अचानक वीज तोडल्याने प्लेयरच्या मेमरी कार्डावरच्या फायली बिघडतात, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि बटणाकडे हात नेत तो म्हणाला, "बिघडू दे की. दाजी हाईत न्हवं!"