तिशीनंतर इंग्रजी लिहिता येत नाही म्हणे!

मागच्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच ऑफिसच्या ग्रुपवर, आणि संध्याकाळी शेजारणीकडूनही. मजकूर थोडक्यात असा: तिशीनंतर मेंदू नवी भाषा धरत नाही, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तरी शिकायचंच असेल तर आधी बोलायला शिका, लिहिणं आपोआप येतं. मराठीत विचार करणं बंद करा. रोज दहा भारी शब्द पाठ करा. आणि नाहीच जमलं तर मोबाईल आहे, तो लिहून देतो.

मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग बघते. शाळा मराठी, वय 44. इंग्रजीतून मेल लिहायला लागले ती एकेचाळिसाव्या वर्षी, कारण आधी मेल लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि आमच्या निम्म्या पार्ट्या महाराष्ट्राबाहेरच्या. तेव्हा हा मेसेज मला लागला, हे आधीच कबूल करते.

पहिलं, मेंदूचं. या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास 2018 मधला, हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या संशोधकांचा. सुमारे 6 लाख 70 हजार लोकांनी इंटरनेटवर इंग्रजी व्याकरणाची चाचणी दिली होती. व्याकरण भराभर उचलायची ताकद साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते, असं त्यातून निघालं. म्हणजे तिशीचा आकडा तिथला नाहीच. शिवाय जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याची बरोबरी कोण गाठतो, हाही त्यांचा एक प्रश्न होता. गाडी कधी पोचली आणि बिल किती झालं, हे कळवायला ती बरोबरी कशाला लागते? आणि उतरते म्हणजे संपते असं कोणी म्हटलं? उन्हाळ्यात आमच्या अंबाझरी तलावाचं पाणीही उतरतं.

दुसरं, आधी बोला. जोसेफ कॉनराड जन्माने पोलिश. 1878 मध्ये विशीत इंग्लंडला पोचला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. पुढे त्याच भाषेत तो मोठा कादंबरीकार झाला, पण बोलण्यातला पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही. आपण कॉनराड नाही, ते राहू द्या. पण बोलताना समोरचा तोंडाकडे बघत असतो, लिहिताना कोणी बघत नाही. एक ओळ तीनदा खोडली तरी पार्टीला शेवटचीच दिसते. माझ्यासारख्या बिचकणाऱ्या बाईला लिहिणंच आधी सोपं गेलं. फोनवर मी अजूनही अडखळते.

आता तिसरं, मराठीत विचार करू नका. यावर मला जास्त बोलायचंय, कारण सुरुवातीला मी हाच सल्ला ऐकला होता. एकदा एका पार्टीच्या गोडाऊनवर आमची गाडी दोन दिवस खाली होईना. मी थेट इंग्रजीत सुरू केलं, ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय बेग टू स्टेट दॅट...’ आणि अर्धा तास तिथेच. शेवटी जुन्या बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, पाठीमागे मराठीत लिहिलं: ‘गाडी सोमवारपासून तुमच्या गेटवर उभी आहे. आज खाली करा. उद्यापासून डिटेन्शन लागेल.’ डिटेन्शन म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे. काय सांगायचं ते दिसल्यावर इंग्रजी तीन ओळींचंच उरलं. ‘बेग’ करायचं कारणच नव्हतं, गाडी आमची अडकली होती.

मराठीमुळे चुका होतात, हे मात्र खरं. त्या तीन ओळींतली पहिलीच चुकली. ‘उभी आहे’ म्हणून मी ‘इज स्टँडिंग सिन्स मंडे’ लिहिलं, तिथे ‘हॅज बीन स्टँडिंग’ हवं. आमच्या नागपुरी बोलीची आणखी एक देणगी आहे. आम्ही ‘समजून राहिलं का?’ म्हणतो, म्हणून ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ सहज लिहून जातो. मराठीत ‘द’ नाही, त्यामुळे तो एकतर गळतो नाहीतर मिठासारखा सगळीकडे पडतो. पण बाप्पा, या चुका ठरलेल्या जागीच होतात! रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी माझ्या चार चुका लिहून ठेवल्या. मेल पाठवायच्या आधी प्रत्येकीसाठी एकदा, असा चारदा वाचायची. ‘द’साठी माझी कसोटी अशी: ‘ट्रक’ लिहिलं की वाचणारा ‘कोणता?’ विचारेल का? विचारणार नसेल, आधीच माहीत असेल, तर ‘द’. नेहमी चालत नाही, पण दहातल्या सात-आठ वेळा चालते. या पानाने मला जो धीर दिला तो बर्डीवरच्या इंग्रजीच्या क्लासने तीन महिन्यांत दिला नव्हता.

भारी शब्दांबद्दल एवढंच: आमच्या कामाला लोडिंग, शॉर्टेज, डॅमेज, पेमेंट ड्यू एवढ्यावर वर्ष निघतं. पाठ केलेला भारी शब्द कुठेतरी घालायचाच म्हणून माणूस वाक्य वाकडं करतो.

राहिला मोबाईल. वापरते मीही, लाजायचं काय त्यात. पण गेल्या पावसाळ्यातलं सांगते. पुन्हा गाडी अडकली, पुन्हा चूक पार्टीचीच. मला घाई होती म्हणून मोबाईलला सांगितलं, जरा नम्र मेल लिहून दे. सुंदर लिहिला. आत एक ओळ होती, ‘वी रिग्रेट द डिले अँड द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड.’ मी वाचलं न वाचल्यासारखं केलं आणि पाठवलं. महिनाअखेर डिटेन्शनचं बिल गेलं, तेव्हा पार्टीने तीच ओळ आम्हाला परत पाठवली: उशीर झाल्याचं तुम्हीच कबूल केलंय, पैसे कसले? दोन दिवसांचं डिटेन्शन बुडालं. मालक काही बोलले नाहीत, नुसते चष्मा काढून बसले. ते जास्त झोंबलं.

तेव्हापासून शेवटच्या पानावर पाचवी ओळ आहे: चूक कोणाच्या नावावर लिहिली? परवा मोबाईलच्या मसुद्यात पुन्हा ‘वी अपॉलजाइज’ निघालं. खोडलं, आणि त्या जागी गाडी गेटवर लागल्याची तारीख आणि वेळ टाकली.