बोटाचं कोणी ऐकेना

टचपॅड बंद पडल्यावर पहिला साक्षात्कार होतो तो हा की, ते दुरुस्त करायचा प्रत्येक उपाय कुठेतरी क्लिक करण्यापासून सुरू होतो. सेटिंग्ज उघडा, 'माऊस आणि टचपॅड'वर क्लिक करा, समोरचं बटण चालू करा. म्हणजे ज्याचं टचपॅड ठणठणीत आहे, त्याने हे सगळं करायचं.

माझा लॅपटॉप झोपेतून उठला तेव्हा स्क्रीन उठली, पंखा उठला, कीबोर्डाखालचा दिवाही उठला. टचपॅड उठलं नाही. बाण स्क्रीनच्या मधोमध, नेमका मला वाचायच्या शब्दावर ठाण मांडून बसला होता. मी बोट फिरवलं. हळू फिरवलं, भराभर फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. बोट पुसलं, टचपॅड पुसलं, शेवटी चष्माही पुसला. मग दाबून पाहिलं. दाबण्याचा काही उपयोग नसतो. टचपॅडखाली विजेच्या बारीक वाहकांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता बदलते आणि त्यावरून बोट कुठे आहे ते ठरतं. तुमचा जोर, तळमळ, संताप यातलं काही ती जाळी मोजत नाही. आता त्या बोटांना एकच काम उरलं होतं, लिनक्सच्या नावाने मोडण्याचं.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, मला एका मित्राने लावून दिलं. "मुक्त आहे रे. आतलं सगळं उघडं असतं, तुला हवं ते बदलता येतं," असं तो म्हणाला होता. बदलता येतं हे खरंच आहे. बदलावं लागतं हे त्याने सांगितलं नव्हतं. त्याला फोन केला की तो कुठल्याही दुरुस्तीची सुरुवात 1991 पासून करतो. त्या साली लिनस टॉरवल्ड्सने विद्यार्थी असताना निव्वळ हौस म्हणून हे कसं सुरू केलं, मग जगभरचे लोक कसे जोडले गेले, वगैरे. तो आजच्या तारखेला येईपर्यंत मी फोन स्पीकरवर ठेवून टचपॅडवर बोट फिरवत राहिलो.

"हं, आता वर उजव्या कोपऱ्यात क्लिक कर."

"कशाने?"

पलीकडे शांतता. लिनक्सवाल्या माणसाला निरुत्तर करायची संधी फार क्वचित मिळते, म्हणून मीही ती घाईघाईने संपवली नाही.

"बरं, वरच्या ओळीतल्या कळा बघ. एखादीवर टचपॅडचं चित्र असेल. चुकून बंद झालं असेल तुझ्याकडून."

लिनक्सवाले दोष शोधायला निघाले की पहिला थांबा आपल्यापाशीच घेतात. त्या कळांवरची चित्रं मुंगीला वाचता येतील एवढ्या आकाराची असतात. टचपॅडचं म्हणून जे दाबलं, ते विमान निघालं. आता टचपॅडही नव्हतं आणि इंटरनेटही नव्हतं. तेवढं मात्र त्याच कळीने परत आलं.

मग टर्मिनल, म्हणजे क्लिक न करता लेखी हुकूम सोडायची जागा. कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबलं की काळी खिडकी उघडते आणि आपण एखादा मोठा घोटाळा करायला बसलो आहोत असं घरच्यांना वाटू लागतं. तिथे 'सुडो', म्हणजे 'मालक म्हणून सांगतोय', असं लिहून पासवर्ड मागून घ्यायचा, आणि तो टाइप करताना काहीच उमटत नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. टचपॅड मेलेलं असताना कीबोर्डही गेला असं दाखवणारी ही सुरक्षाव्यवस्था ज्याने आखली, त्याचा स्वभाव मला कळला आहे.

पण एक मान्य करायला हवं. यापुढचा भाग मला चक्क आवडला. बोट आणि बाण यांच्यामध्ये एवढी मंडळी बसलेली असतात याची मला कल्पनाच नव्हती. खाली टचपॅडची चिप, तिच्यावर कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर, जो चिपची भाषा जाणतो, त्याच्यावर 'लिबइनपुट' नावाची लायब्ररी, जी बोटाच्या हालचालीचा अर्थ लावते (हे सरकवणं, हे टिचकी मारणं, हा नुसता तळहात, दुर्लक्ष करा), आणि सगळ्यात वर डेस्कटॉप, जो बाण हलवतो. निरोप कुठे अडला ते शोधायचं. डेस्कटॉपला विचारलं, तो म्हणाला टचपॅड चालू आहे. कर्नलच्या यादीत पाहिलं, तिथेही टचपॅड हजर, नावानिशी. लिबइनपुटला घडणाऱ्या घटना दाखव म्हटलं आणि कळ दाबली, तर लगेच ओळ उमटली. टचपॅडवर बोट फिरवलं, काहीच नाही. म्हणजे वरची मंडळी निर्दोष होती. निरोप त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

"डीमेसेज बघ," मित्र म्हणाला. ही कर्नलची रोजनिशी. कर्नल काहीही पोटात ठेवत नाही. सुरू झाल्यापासून कोण आलं, कोण रुसलं, कोणी उत्तर दिलं नाही, सगळं तो सेकंदाच्या दशांश अपूर्णांकासकट लिहून ठेवतो. टचपॅडच्या नावाने तिथे लिहिलं होतं की, पहिल्याच बाइटला ताळमेळ सुटला. मग पुन्हा तेच. मग पुन्हा जोडून पाहत आहे. मग पुन्हा ताळमेळ सुटला. मी वर बोट घासत होतो, तेव्हा खाली हे चाललं होतं.

त्याचं कारण वाचून मला टचपॅडची दया आली. माझं टचपॅड आतून पीएस/2 नावाच्या पद्धतीने बोलतं. ती आयबीएमने 1987 साली आणली, गोल टोकाच्या माऊस-कीबोर्डांसाठी. ते गोल भोक माझ्या लॅपटॉपला कुठेच नाही. पण पत्र्याखाली हे चकचकीत टचपॅड अजून आपण माऊस असल्याची बतावणी करत बसलेलं असतं. त्याच्या ड्रायव्हरचं नावही 'पीएसमाऊस'. बोटाची माहिती ते सहा-सहा बाइटांच्या गटांनी पाठवतं आणि त्यातला एखादा बाइट गहाळ झाला की, कुठला गट कुठे सुरू झाला हे ड्रायव्हरला उमगत नाही. झोपेतून उठल्यावर दोघांचं नेमकं हेच झालं होतं. एक मध्येच बोलायला लागला, दुसरा पहिल्यापासून ऐकतोय.

उपाय साधा निघाला. 'मॉडप्रोब' या हुकमाने पीएसमाऊसला कर्नलमधून काढायचं आणि पुन्हा आत घ्यायचं. दोन ओळी. काढलं, घेतलं, बोट ठेवलं, आणि बाण सरकला! मी घरच्यांना बोलावून बाण हलवून दाखवला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि "आधी पण हलायचाच ना?" असं विचारून आपापल्या कामाला गेले.

लॅपटॉप पुन्हा झोपला, पुन्हा उठला, टचपॅड पुन्हा निपचित. म्हणजे दर वेळी उठवून त्याला कामावरून काढायचं आणि परत नोकरीवर ठेवायचं. ते आपोआप होण्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते, पण रोजनिशीत आणखी एक नोंद होती आणि तिने माझी झोप उडवली. कर्नलने लिहिलं होतं: तुमचं टचपॅड म्हणतंय की, आपल्याला दुसऱ्या बसवरूनही, म्हणजे माहिती वाहणाऱ्या दुसऱ्या मार्गानेही, जाता येतं. अमुक पॅरामीटरची (म्हणजे सेटिंगची) किंमत 1 करून पाहा आणि काय झालं ते आम्हाला ईमेलने कळवा.

म्हणजे यांना माहीत होतं! टचपॅड बिचारं पहिल्या दिवसापासून सांगत होतं की, मला एसएमबस नावाच्या त्या दुसऱ्या मार्गाने पाठवा, मी पीएस/2च्या जुन्या रस्त्याने नीट पोचत नाही. कर्नलने ते ऐकलं, टिपूनही ठेवलं, आणि माझी वाट पाहत बसला. लॅपटॉप चालू होताना लिनक्सला जागं करणाऱ्या ग्रबची फाइल उघडली, पॅरामीटर लिहिला, अपडेट केलं, रीस्टार्ट केलं. लॅपटॉप झोपवला, उठवला. बाण पळतच आला. दोन बोटांनी पान सरकू लागलं, तेही पूर्वीपेक्षा लोण्यासारखं.

राहिलं ते कळवायचं. एवढ्या आपुलकीने कोणी विचारल्यावर उत्तर न देणं मला जमत नाही. मी ईमेल लिहायला बसलो. पण आदल्या तपासात मित्राने संशयावरून 'टाइप करताना टचपॅड बंद ठेवा' हा पर्याय काढून टाकायला लावला होता, आणि आता टचपॅड भलतंच जागं होतं. अंगठा नुसता वरून गेला तरी कर्सर दोन ओळी वर उडी मारायचा आणि माझं पुढचं वाक्य मागच्या वाक्याच्या पोटात जाऊन बसायचं. 'टचपॅड आता उत्तम चालतंय' हे वाक्य तर पत्त्याच्या रकान्यातच उमटलं. टचपॅड बंद करायचं बटण आता मला झोपेतही सापडतं. दाबलं, आणि पत्र पुरं केलं.