काळं कापड कुठंच नव्हतं

दिवसाउजेडी फ्लॅशनं काळी पार्श्वभूमी कशी मिळवायची, या माझ्या लेखातल्या कोळ्याच्या फोटोंवर एका वाचकांनी लिहिलंय : “मागे काळं कापड धरून काढलेले फोटो फ्लॅशची करामत म्हणून खपवू नका. १/२००० शटरला साधा फ्लॅश चालत नाही. एफ/१६ ला बारकावे मऊ पडतात. दिवसाउजेडी काळोख दाखवणं हा खोटेपणा आहे. नवशिक्यांना फसवणं बंद करा.”

शटरचा वेग १/२००० सेकंद लिहिला, ही माझी चूक. एक शून्य जास्त पडलं, १/२०० हवं होतं. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

पण ‘खपवू नका’? ही काय बोलायची रीत झाली? शंका होती तर सरळ विचारायचं, कापड होतं का म्हणून. मी सांगितलं असतं. साताऱ्यात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पडदा कसा ताणायचा, त्याची सुरकुती कशी घालवायची, हे मी आठवीत शिकलोय. आणि जवळ धरलेल्या काळ्या कापडावर फ्लॅश पडला की ते काळं राहत नाही, करडं होतं, त्यावरचा धागा न् धागा दिसतो, हेही तिथंच पाहिलंय. तुम्ही कधी पाहिलंय का?

तो कोळी आमच्या परसात, पारिजातकाच्या दोन फांद्यांमध्ये लटकलेला होता. पाय दोन-दोन जोडून, पोटावर पिवळे पट्टे. सकाळचे सात, ऊन अजून घराच्या पलीकडं. डिफ्यूझरपासून (फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा) कोळी १५ सेंटीमीटरवर, मागची भिंत दीड मीटरवर. अंतर दहापट झालं की उजेड शंभरावा हिस्सा उरतो, म्हणजे साडेसहा स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). भिंतीपर्यंत फ्लॅश पोचतोय कुठं? राहिला सावलीतला उजेड, तो आयएसओ १०० (सेन्सरची कमी संवेदनशीलता), एफ/१६ (लेन्सचं बारीक छिद्र) आणि १/२०० च्या शटरनं खाल्ला. फ्लॅश बंद ठेवून काढलेली फ्रेम त्याच लेखात तिसरी आहे, पूर्ण काळी. ती न बघताच प्रतिक्रिया लिहिलीत, असं मला वाटतं.

भर उन्हात हे जमत नाही, तेही मी लिहिलं होतं. आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हे उन्हातलं जवळपास बरोबर एक्स्पोजर. १/२०० नं एकच स्टॉप कमी होतो, भिंत दिसणारच.

आणि कासचं सांगतो. सड्यावर दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे फोटो मी कित्येक पावसाळे काढतोय. पानांवरचा एकेक चिकट थेंब फ्लॅशमध्ये चमकतो, पण मागे दोन-चार बोटांवर कातळ असतो, त्यामुळं पार्श्वभूमी तांबूस-करडीच येते. एकदाही काळी मिळाली नाही, आणि ते फोटो मी तसेच टाकलेत. कापडच लावायचं असतं तर तिथं लावलं नसतं का?

एफ/१६ ला मऊपणा वगैरे ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग. खोटेपणाबद्दल मी बोलणारच नाही.

नवशिक्यांना फसवतो, हे मात्र लागलं. गेली सात-आठ वर्षं दर रविवारी पोरं माझ्याकडं शिकायला येतात, एक पैसा घेत नाही. तुम्हीही या, सकाळी सातला. कोळी अजून त्याच फांदीवर आहे. काळं कापड तुमचंच आणा, कोळ्यामागे वीतभर अंतरावर धरा आणि दोन्ही फोटो स्वतःच काढून बघा.