त्यांना ऐकू जात नाही हो

परवा मी पडद्याला टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. पडद्यावर लंडनचं अख्खं ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर कडकडाट करत होतं, म्हणून माझेही हात उठले. तर शेजारचे काका माझ्या दंडावर हात ठेवून, घरातल्या वेडसर माणसाला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "त्यांना ऐकू जात नाही हो." मागची दोन पोरं फिस्सकन हसली.

नाटक शेक्सपिअरचं 'किंग लिअर'. लिअर राजा झालेत इयन मॅकेलन. 2018 साली रंगमंचावरून चित्रित केलेलं, इथे सिनेमागृहात दाखवत होते. तीन तासांहून लांब आणि एसी असा की बर्फाच्या कारखान्यात बसल्यासारखं.

काकांनी मला पहिल्याच प्रवेशात पकडलं.

"हा मेकअप आहे का खरंच म्हातारा?"

"खरंच. तेव्हा 79 वर्षांचे होते."

मग वादळ आलं. रंगमंचावर खराखुरा पाऊस. लिअर चिंब. काका कळवळले. "अहो, मग भिजवतात कशाला त्यांना?" थोडा वेळ शांतता. मग कानाशी, "हे तर आपल्या नटसम्राटवरून घेतलंय!"

"उलट आहे, काका. शिरवाडकरांनी 1970 साली लिअरवरून..."

"तेच म्हणतोय, उलट केलंय. आपल्याकडे एक मुलगा, एक मुलगी. यांनी तीन मुली घेतल्या. बजेट असतं त्यांच्याकडे."

आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 'हॅम्लेट' मराठीत आणायला घेतला, ते मला आता पटतं. सोबतीला टिळक होते खरे, पण "मध्यंतरात वडा मिळतो का?" असं त्यांनी मध्येच विचारलं नसावं.

मध्यंतर ही तर वेगळीच विटंबना. पडद्यावर घड्याळ उलटं धावतं आणि लंडनचे प्रेक्षक निवांत पाय मोकळे करतात. म्हणजे आपण पैसे भरून दुसऱ्यांचं मध्यंतर बघायचं. शिवाय खऱ्या नाटकात मी माझ्या मर्जीने बघतो. राजा बोलत असला तरी माझा डोळा कोपऱ्यातल्या विदूषकावर. इथे कॅमेरा मानगूट धरून राजाच्या नाकपुड्या दाखवतो. त्याचे वर नऊशे रुपये! तेवढ्यात दोन मराठी नाटकं झाली असती, तीही ऐकू येणाऱ्या नटांची.

शेवटी लिअर धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं प्रेत घेऊन आला. माझा गळा दाटला. काकांचा फोन वाजला.

"हॅलो! नाटकात आहे. नाही गं, सिनेमात. अगं, नाटकच, पण सिनेमात! नाही, जेवायला येतोय. भाकरी नको, भात लाव."

मॅकेलन ऊर फुटून रडत होते आणि मला मेथीच्या भाजीचा सविस्तर वृत्तांत मिळत होता. ज्यांना ऐकू जात नव्हतं ते सुखी, असं तेव्हा वाटलं.

लिफ्टमध्ये काका पुन्हा माझ्याच शेजारी. "ती धाकटी शेवटी उठते का हो? मी जरा फोनवर होतो."

"उठते," मी म्हटलं.