सुप्याच्या राखेचे दोन आकडे

तुमचे मुख्य आक्षेप दोन: १८७५च्या दख्खन उठावावरचा (पुणे-नगर भागातल्या रयतेने सावकारांचे कागद जाळले, तो) लेख इंग्रजांच्या चौकशी अहवालावर उभा आहे, आणि तुमच्या मते रयत सरकारवर नव्हे, सावकारांवर उठली होती. गंमत अशी, की दुसरं म्हणणं त्याच अहवालाचं आहे!

सरकारी शेतसाऱ्याचा बोजा दंग्यांना कारण झाला का, हे तपासायला सरकारनेच माणसं नेमली, आयोग केला. त्यांचं उत्तर 'नाही', दोष सावकारांचा. हा निष्कर्ष खुशाल बाजूला ठेवा. इंदापूरच्या ३० वर्षांच्या जमाबंदीची (ठरवून दिलेल्या साऱ्याची) मुदत संपून १८६७मध्ये फेरआकारणी झाली; दख्खनमध्ये पुढे सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. तोही रोख भरायचा, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेला कापसाचा भाव ते १८६५ला संपल्यावर पडलेला, सावकाराने हात आखडलेला.

अहवालाला जोडलेले कागद मात्र टाकू नका. १२ मेला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि खतं, म्हणजे कर्जरोखे, जळली. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट १५ला पोचले, १६ला पत्र लिहिलं: एक घर जाळलं, डझनभर फोडली, ५० जण धरले, २,००० रुपयांचा माल परत मिळाला. नुकसान? त्यांच्या अंदाजाने २५,०००च्या वर, सावकारांच्या तोंडी लाखाच्या वर. एकाच पत्रात चौपट तफावत. म्हणून आधी पाहायचं ते हे, की साहेब किती दिवसांनी आले आणि त्यांना माहिती कुणी दिली. रयत या पत्रात येते ती फक्त धरलेल्यांच्या आकड्यात.

तिचं म्हणणं अर्जांत सापडतं, उदाहरणार्थ कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या. पण तो अर्जही नगरच्या कलेक्टरला केलेला. कलेक्टरकडे दाद मागणारा सावकाराबद्दल मोकळेपणी बोलेल, साऱ्याबद्दल जपूनच.

आणि सावकार विरुद्ध सरकार ही वाटणी तरी कुठे टिकते? १०० रुपयांच्या कर्जावर २,०००च्या वर व्याज लावल्याचं प्रकरण आयोगापुढेच आलं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, ही दामदुपटीची जुनी रीत. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने खत तीनच वर्षं चालणार असं ठरलं, रयतेला आधार म्हणून. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घेतलं. त्या खतावर वसुलीचा हुकूमनामा मिळायचा सरकारच्याच दिवाणी कोर्टात. म्हणूनच लोक आधी कागद मागत होते, आणि ते हाती आले की जाळत होते.

'दंगा' या शब्दावरचा तुमचा राग मात्र रास्त आहे. तो अहवालाच्या नावातून लेखाच्या मथळ्यात शिरला, तिथे 'उठाव' हवा होता.