पुरणपोळीवर माझा राग नाही

नमस्कार. ‘डायव्हर्सिटी निबंधात काय लिहू नये’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी चिडून, मग नीट. तुमचं म्हणणं असं की पुरणपोळी, ढोल-ताशा, आजोळची सुट्टी सगळं बाद ठरवून मी इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मुलांना आपल्याच संस्कृतीची लाज वाटायला लावते. शिवाय ‘तुमच्याकडे वेगळं काय आहे’ हा अमेरिकन मेडिकल स्कूलच्या प्रवेशातला निबंधाचा प्रश्न म्हणजे मागच्या दाराने आणलेलं आरक्षण, त्यात भारतीय मुलांनी काहीही लिहिलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या आरोपातला अर्धा भाग कबूल. ‘आजीच्या पोळीवर आणखी एक निबंध आला तर लॅपटॉप बंद करीन’ हे वाक्य मी हशा मिळावा म्हणून लिहिलं होतं. काढून टाकलंय.

आरक्षणाचं मात्र पटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल स्कूलमध्ये 100 पैकी 16 जागा राखीव असत. तो कोटा 1978 सालीच बॅकी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. जून 2023 मध्ये हार्वर्डच्या खटल्यात वंश बघून झुकतं माप देणंही बंद झालं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक वाट तेवढी उघडी ठेवली: वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे उमेदवाराने सांगायला हरकत नाही, पण त्यातून त्याच्या अंगी कोणता गुण आला, कोणती क्षमता आली, ते दिसलं पाहिजे. नुसतं ‘आम्ही मराठी’ म्हणून काही पदरात पडत नाही. पडूही नये.

बॅकीच्याच निकालात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डचा एक दाखला दिला होता. आयडाहोच्या शेतावर वाढलेला मुलगा जे घेऊन येतो, ते बॉस्टनचा मुलगा आणू शकत नाही, अशा अर्थाचा. मला तो फार आवडतो, कारण लगेच प्रश्न पडतो: आणतो म्हणजे काय आणतो? ट्रॅक्टरचे फोटो? का सुगीच्या दिवसांत माणसं दुखणं अंगावर काढतात, ‘आधीच का नाही आलात’ म्हणून त्यांच्यावर खेकसून उपयोग नसतो, ही समज? निबंध त्या समजेचा असतो.

आता पित्ताची गोष्ट सांगते. (मुलीची परवानगी घेतली आहे.) ओळखीतल्या एका मुलीने पहिला मसुदा आणला तो मराठी मंडळातल्या लेझमीवर. छान होता, आणि तसे मी डझनभर वाचले होते. मग बोलता बोलता ती म्हणाली, अकरावीत असताना आजीला इमर्जन्सीत नेलं होतं. हॉस्पिटलने फोनवर दुभाषा दिला, पण हिंदीचा. आजीचं हिंदी मोडकंतोडकं. आजी म्हणत राहिली, ‘पित्त झालंय’. दुभाष्याने त्याचं ‘बाइल’ केलं आणि डॉक्टर पित्ताशयाबद्दल विचारत सुटले. आपल्याकडे घशाशी आंबट आलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त (मग आमसूल चोळा!), अर्धं डोकं ठणकून उलटी झाली तरी पित्त. ‘पित्त पडलं की डोकं उतरतं’ हे आजीचं वाक्य नातीने शंभरदा ऐकलेलं. तिने नुसतं विचारलं, ‘आजी, पित्त म्हणजे नक्की काय होतंय तुला?’ दुखणं डोक्याचं निघालं.

पुढे क्लिनिकमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करताना स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटलाही ती हेच विचारायला लागली: तुमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय? झाला निबंध. लेझीम गेली प्रवेशअर्जातल्या अॅक्टिव्हिटीच्या रकान्यात; तिथे पंधरा नोंदी करता येतात, प्रत्येकी 700 अक्षरांच्या. ढोलपथकही तिथे खुशाल लिहा. ‘डॉक्टर का व्हायचंय’ यासाठी 5,300 अक्षरांचा मुख्य निबंध वेगळा असतोच, तेव्हा आजोबांचा हार्ट अटॅक दोन्हीकडे नको.

पुरणपोळीचंही तसंच. पोळी खाल्ली, आजीची माया आठवली, एवढ्यावर निबंध होत नाही. मधुमेह झालेल्या आजोबांना सणाच्या दिवशी अर्ध्या पोळीवर कसं थांबवलं आणि ते का रुसले, हे लिहिलं तर मी जागा सोडून उठणार नाही.

तुम्ही विचारलंत, मुलीला सुट्टीत गावाकडच्या आरोग्य शिबिराला पाठवलं, तेही चालत नाही का? चालतं, पण पंधरा दिवसांत तिला जे दिसलं ती दुसऱ्यांची गरिबी. आपल्याकडे काय वेगळं आहे या प्रश्नाचं उत्तर त्यात येत नाही, आणि वाचणाऱ्याला पाहुणेपणा लगेच जाणवतो. पेशंटसोबतचे फोटो तर फेसबुकवरूनही काढून टाका, कृपया.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ आहे, जी तुम्ही वैतागून लिहिलीत: ‘बिचारी चार वर्षं शनिवार-रविवार आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसते, तिला आणखी काय करायला वेळ मिळणार?’ अहो, हे तुम्ही शेवटी का सांगताय? इथल्या देशी दुकानात भारतातून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं दाखवून ‘बाळा, हे इथे मिळतं का गं’ विचारणारे म्हातारे मी स्वतः पाहिलेत. तुमच्या मुलीला आज रात्री जेवताना विचारा, गल्ल्यावर तिला कोण काय विचारतं आणि ती काय उत्तर देते. तिला चालणार असेल तर मलाही कळवा. जुलैत कॉलेजांचे प्रश्न यायला लागतील, त्याआधी एक मसुदा नक्की होईल.